घरून परवानगी न्हाई

माझ्या दुकानात आलेली नवरी मुलगी अर्ध्या तासात मला सगळं सांगून मोकळी होते. कुणाला नवरा पसंत नसतो, कुणाची सासू आत्तापासूनच नाक मुरडून राहिलेली असते, कुणी आधी भलत्यालाच शब्द देऊन बसलेली असते. मी गळ्यात टेप टाकून ऐकते. माप देताना बाई जेवढं बोलते तेवढं आईजवळसुद्धा बोलत नसेल. आणि मी ते पोटात ठेवते. त्या बाबतीत वसमतमध्ये माझं नाव आहे.

पण माझं स्वतःचं? ते कुणी ऐकलेलं नाही. म्हणजे — मी ऐकवलेलंच नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हासुद्धा त्या गोष्टीपाशी आले की मी वळसा घालते, उद्याच्या भाजीचा विचार करायला लागते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, तुम्हाला माझ्या दुकानात यायचं नाही. म्हणून जमेल असं वाटतं. बघू कुठवर जमतं ते.

मी लग्नाचे ब्लाऊज शिवते, आरीकामाचे. आरी म्हणजे टोकाला आकडा असलेली सुई. लाकडी चौकटीवर कापड ताणून बांधायचं — त्या चौकटीला आम्ही अड्डा म्हणतो — खालून एका हातानं जरी द्यायची आणि वरून आरीनं ती ओढून घ्यायची. मोती, टिकल्या, मोर, कमळं, काय म्हणाल ते. दुकान मोंढ्याकडं, म्हणजे मालाच्या बाजाराकडं, जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हळदीच्या हंगामात रस्त्यानं पोत्यांच्या गाड्या जातात आणि कापडावर पिवळी धूळ बसते, म्हणून त्या दिवसांत पांढऱ्या कामावर आम्ही जुनी ओढणी पांघरून ठेवतो. आम्ही म्हणजे मी आणि रेहाना.

रेहाना माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दहावी झाल्यावर मी तिच्या खालांकडं, म्हणजे मावशीकडं, आरी शिकायला जायचे, तर ती आधीपासूनच अड्ड्यावर बसलेली असायची. खाला हे काम हैदराबादेत शिकून आल्या होत्या. हात चालवता चालवता त्या तिथल्या बाजाराचं सांगायच्या — एक गल्ली नुसती जरीची, एक नुसती मोत्यांची. मी ऐकायचे आणि घरी जाईपर्यंत विसरायचे. रेहाना विसरली नाही. पुढं तिचं लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं, ती अम्मीकडं परत आली, आणि मी दुकान टाकलं त्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे. फारशी बोलत नाही. कधी विषय निघाला तर एवढंच म्हणायची, "ताई, एकदा ती मोत्यांची गल्ली बघायची हाय मला."

आणि अलीकडच्या वर्षांत तिची एक थट्टा होती. ती आत्ताच सांगून ठेवते. मी म्हणायचे, चल, औंढ्याला एका नवरीचं माप घ्यायला जायचंय, किंवा चल, नांदेडहून टिकल्या आणायच्यात. ती मान वर न करता म्हणायची, "घरून परवानगी न्हाई, ताई." आणि असं म्हणून माझ्याआधी चपला घालून पायरीवर उभी राहायची. मी हसायचे. दर वेळी हसायचे. तिच्या अम्मीनं तिला कधी कुठं अडवलेलं मी पाहिलं नव्हतं, म्हणून तर ती थट्टा होती ना? असंच मला वाटायचं.

आता खरं बोलायला लागते.

खालांकडं पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं, की हात तिचा आहे, माझा नाही. माझा हात जड. मी जरी ओढली की कापड आवळतं, बारीक चुण्या पडतात, मग वरून मोती लावून त्या झाकाव्या लागतात. तिनं मोर काढला तर त्याची मान वळलेली दिसते. माझा मोर कोंबडीचा भाऊ. खाला तिच्या कामावरून बोट फिरवायच्या आणि काही न बोलता पुढं जायच्या. माझ्यापाशी थांबायच्या, समजावायच्या, पुन्हा करून दाखवायच्या. मला त्यांचं ते न बोलता पुढं जाणं हवं होतं. तुम्हाला हसू येईल, पण आज चव्वेचाळिसाव्या वर्षीही मला ते हवंय.

कटिंग माझं चांगलं आहे, हे कुणीही सांगेल. माझ्या हातचा ब्लाऊज खांद्यावरून सरकत नाही, काखेत घोळ पडत नाही. पण फिटिंगचं कौतुक कोण करतं? बिघडलं तर बोंब होते, जमलं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. मांडवात बायका नवरीची बाही धरून बघतात. खांदा कुणी धरून बघत नाही. डोळ्यांत भरणारी बाही रेहानाची आणि खांदा माझा — वीस वर्षं असं चाललंय.

पूर्वी हे सहन व्हायचं, कारण कौतुक जे काही व्हायचं ते माझ्या तोंडावर व्हायचं. "वंदनाताई, काय काम केलंत हो." मी हूं म्हणायचे. रेहाना आत अड्ड्यावर असायची. काम कुणाचं हे कुणी विचारायचं नाही, मी सांगायचे नाही. मग ती वेबसाइट आली.

ती प्रज्ञानं करून दिली. प्रज्ञा कळमनुरीची, पुण्याला कॉम्प्युटरमध्ये नोकरीला. तिचा लग्नाचा ब्लाऊज आम्ही केला होता आणि तो तिला इतका आवडला की आभार म्हणून तिनं दुकानाची वेबसाइटच बनवली. त्यात तिनं एक गोष्ट केली जी तिला आमच्या भागातली असल्यामुळेच सुचली. इकडं लग्नाआधी ब्लाऊज कुणाच्या नजरेला पडला की संपलं. चुलत जाऊ बघते, मामाची पोरगी बघते, आणि मांडवात एकाच मोराच्या चार बाह्या फिरतात. औंढ्याच्या एका लग्नात नवरी आणि नणंद सारख्याच बाह्या घालून समोरासमोर आल्या आणि नवरी हार घालायला उठेना. म्हणून माप द्यायला आलेल्या पोरी आधी शपथ घालतात, ताई, कुणाला दाखवू नका. प्रज्ञानं मग प्रत्येक नवरीसाठी वेगळं पान केलं. वेबसाइटवर नवरीच्या नावाला हात लावला की पासवर्ड विचारतं. तो घातला की आत तिची नक्षी, तिची मापं, रोज किती काम झालं त्याचे फोटो. आणि सगळ्यात खाली एक रिकामी चौकट, 'तुमचं म्हणणं'. त्यात नवरी लिहिणार, मी वाचणार, मी उत्तर देणार.

पासवर्ड मी ठरवायचे. माझ्या काय लक्षात राहणार? मी सोपी रीत केली, नवरीचं नाव इंग्रजीत आणि पुढं लग्नाची तारीख. प्रज्ञा फोनवर म्हणाली, "ताई, असा नका ठेवू. ज्याच्या घरी पत्रिका गेली तो कोणीबी उघडंल." मी म्हटलं, "बाई, पत्रिका वाचून लोक जेवायला जातात, ब्लाऊज बघायला न्हाई." ती हसली. मीपण हसले; रेहाना समोर अड्ड्यावर बसलेली होती. विषय संपला.

पत्रिका दुकानातही यायच्याच. नवऱ्या मुली दोन आणायच्या, एक मला आणि एक रेहानाला. माझी मी घरी नेऊन कुठंतरी हरवायचे. रेहाना तिच्या साठवायची. जाड कागद बघून त्यांचा कोन करायची आणि मोती बरणीत ओतायची, नाहीतर पुठ्ठ्यावर उरलेली जरी गुंडाळून ठेवायची. तिच्या अड्ड्याखाली चपलांचं एक खोकं होतं, पत्रिकांनी भरलेलं. रोज माझ्या पायाला लागायचं ते.

वेबसाइटच्या पहिल्या पानावर मी प्रज्ञाला एक ओळ घालायला लावली: सर्व आरीकाम वंदनाताईंच्या हातचं. लिहिताना मी स्वतःला म्हटलं, दुकान माझं आहे, नाव माझंच येणार. ठीक. तेवढं चालतं, सगळेच करतात. ती माझी कबुली नाही. कबुली पुढं आहे.

पहिल्याच हंगामात एका नवरीनं चौकटीत लिहिलं. तेव्हा एक बाही मी करायचे, एक रेहाना. पोरगी साधीभोळी, तिला काय माहीत? तिनं लिहिलं: ताई, डावी बाही तर जीव घेते. उजवीपण तशीच करता येईल का?

उजवी माझी होती.

मी ते कितीदा वाचलं असेल? भाजी निवडताना वाचलं. डाळीला फोडणी देताना वाचलं. दुसऱ्या दिवशी मी उजवी बाही स्वतः उसवली. आठ दिवसांचं काम होतं, ते दोन तासांत काढलं आणि रेहानाच्या पुढ्यात ठेवलं. सांगितलं, नवरीनं नक्षी बदलली, दोन्ही तूच कर. नवरीनं काय लिहिलंय ते सांगितलं नाही. रेहानानं बाही उजेडात धरली, माझ्या टाक्यांची भोकं बोटानं चोळून मिटवली आणि कामाला लागली. तेव्हापासून सगळी आरी तिची. मी फक्त काठ करते.

आणि चौकटी भरत गेल्या. वाहवा, वाहवा. 'मोराचा डोळा जिवंत वाटतो.' 'माझ्या आजीनं बाहीला हात लावून कानशिलावर बोटं मोडली.' 'जिनं हे केलं तिच्या हाताचा फोटो पाठवाल का?' प्रत्येक पानाला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडं. मी उघडायचे, वाचायचे, जळायचे, बंद करायचे. उत्तरात लिहायचे, धन्यवाद. एकदाही, देवाशपथ म्हणायची आमच्यात रीत नाही म्हणून नुसतंच सांगते, एकदाही मी रेहानाला म्हटलं नाही की बघ, तुझ्याबद्दल काय लिहिलंय. ती माझ्यापासून चार हातांवर बसलेली असायची. पोरींनी मला राखण करायला ठेवलं होतं, आणि कुंपणानंच शेत खाल्लं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? कौतुकाचे चार शब्दच तर होते. मीही तेच म्हणत होते. मग अश्विनीचं पान आलं.

अश्विनी औंढ्याची. तिची आत्या हैदराबादेत लग्नाच्या कपड्यांचं मोठं दुकान चालवते, वर कारखाना, बारा-पंधरा बाया आरीवर. भाचीनं तिला पासवर्ड दिला आणि आत्यानं पान बघितलं. तीन वर्षं झाली त्याला. दुपारची वेळ, रेहाना समोर डब्यातली भाकर खाऊन राहिली होती. माझ्या मोबाईलवर चौकट भरली. आत्यानं लांबलचक लिहिलं होतं. पहिल्या पानावर तुमचं नाव आहे, पण दुकान चालवणारी बाई स्वतः एवढी आरी करत नसते हे मला माहीत आहे; जिच्या हातचं हे काम आहे तिच्याशी मला बोलायचंय. माझ्याकडं बायांना शिकवायला आणि काम बघायला अशा हाताची गरज आहे. आधी दोन महिने येऊन बघू दे. राहायला खोली देईन, आई असेल तर आईला घेऊन यावं. आणि खाली तिचा नंबर न् बाहीचा फोटो, मोराच्या मानेभोवती लाल गोल काढलेला.

मी तो गोल बघत बसले. मान वळलेली. माझ्याकडं पाठ करून कुठंतरी बघणारा मोर.

रेहाना म्हणाली, "ताई, लोणचं घ्या की." तिनं डबा पुढं केला. मी लोणचं घेतलं, खाल्लं, हात पुसला आणि आत्याला उत्तर लिहिलं. ती येऊ शकणार नाही असं. घरचे सोडत नाहीत असं. दोन ओळी. पाठवून दिल्या आणि पुन्हा ते पान म्हणून उघडलं नाही.

आता मी इथं म्हणू शकते, की ती गेली असती तर माझं दुकान बसलं असतं. नवरा हेच म्हणाला असता. पण ते खरं नाही. नांदेडला आरीवाल्या आहेत, कुणीतरी मिळाली असती, मी तोवर साधे ब्लाऊज शिवले असते. दुकानाचा विचार त्या वेळी माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. माझ्या मनात एवढंच होतं, की मला कुणी असा लाल गोल काढून कधी बोलावलं नाही. आणि हिला बोलावलं. जिथं जायचं तिला पोरवयापासून होतं, नेमकं तिथंच. तिनं पुढं केलेलं लोणचं मी खाल्लं, पण मला त्याची चव लागली नाही.

आणि खोटं तरी कुठलं निवडलं मी? घरचे. ते तर मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दुकानासाठी जागा शोधत होते तेव्हा एका मालकानं आडनाव विचारलं, ऐकलं, आणि म्हणाला, घरी विचारून सांगतो. दोन दिवसांनी म्हणाला, माझं काय न्हाई हो, घरचे नको म्हणतात. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ढसाढसा रडले होते, आणि माझा हात धरून रेहाना उभी होती. घरच्यांच्या नावावर खपवलेलं खोटं कसं लागतं हे मला बराबर माहीत होतं. म्हणूनच ते वापरलं असेल का? ते कुणी उलटून विचारत नाही, हे माहीत होतं म्हणून?

त्याच वर्षी ईदला मी नेहमीसारखी तिच्याकडं शीरखुर्मा प्यायला गेले. अम्मी बोलता बोलता म्हणाल्या, "मेरी बच्ची कू कोई बड़े शहर में बुलाया ना बेटी, तो मैं खुद जाको छोड़ती." माझा वाडगा हातात होता. रेहाना अम्मीच्या मागं उभी होती, तिनं माझ्या वाडग्यात आणखी खारका घातल्या. मी खाली बघून पीत राहिले.

तीन वर्षं अशी गेली. माणूस विसरतो. मी विसरले असं म्हणत नाही, पण रोजच्या रोज आठवत नव्हतं एवढं खरं. गेल्या दिवाळीनंतर मी तापानं पडले. सांधे असे धरले होते की कात्री उचलत नव्हती. दुकान रेहाना एकटी बघत होती. एक दिवस तिचा फोन आला. एक जुनी नवरी बाळंतपणानंतर ब्लाऊज मोठा करायला घेऊन आली होती. मूळ मापं तिच्या पानावर होती. मी अंथरुणातून म्हटलं, "थांब, पासवर्ड सांगते. आठवू दे जरा."

"काहून?" ती म्हणाली. "पत्रिका हाय की माज्यापाशी. नाव न् तारीख. उघडलं बी मी. तुमी पडून राहा, ताई, मी नुसतं किती सोडू ते विचाराया केला फोन."

मी किती सोडायचं ते सांगितलं. फोन ठेवला.

उघडलं बी मी. किती सहज म्हणाली. पहिल्यांदा उघडणारी बाई असं म्हणेल का? चपलांचं ते खोकं माझ्या डोळ्यांपुढं आलं. प्रत्येक नवरी, प्रत्येक तारीख, सगळ्या किल्ल्या माझ्या पायाशी, तिच्या अड्ड्याखाली. मोराचा डोळा. आजीची बोटं. डावी बाही जीव घेते. आणि अश्विनीची पत्रिका? तीही त्यातच. मी तिची पत्रिका रेहानाच्या हातात बघितली होती, केशरी, जाड, कोन करायला चांगली म्हणून तिनं ती वर ठेवली होती.

मग मी तीन वर्षांनी ते पान उघडलं. मी आत्याला काय शब्द लिहिले होते ते मला आठवतच नव्हतं. तिथं होते ते, जसेच्या तसे, माझ्या नावासकट.

'तिला घरून परवानगी नाही. त्यांच्यात बायकांना बाहेर पाठवत नाहीत.'

खाली आत्याचं उत्तर: समजलं. वाईट वाटलं.

घरून परवानगी न्हाई, ताई. औंढ्याला जाताना. नांदेडला जाताना. मान वर न करता. आणि मी हसत होते. तीन वर्षं ती माझं वाक्य माझ्या हातात परत देऊन राहिली होती, आणि मी दर वेळी हसून ते खिशात टाकत होते. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती का? का नुसतीच मला ऐकवत होती? एकदा जरी मी न हसता तिच्याकडं बघितलं असतं तर? मला माहीत नाही. खरं सांगू? त्या अंथरुणात मला लाज वाटली, पण लाजेच्या आधी दुसरंच वाटलं. मला तिच्या गप्प राहण्याचाही हेवा वाटला. तेसुद्धा तिनं माझ्याहून सफाईनं केलं होतं, एक चुणी पडू न देता.

आता शेवटचं. खरं म्हणजे एवढ्यासाठीच मी हे सगळं सांगत आले. आत्याला लिहिलेलं खोटं वाईटच, पण ते एका दुपारच्या जळफळाटात झालं. पुढचं मी ताप उतरल्यावर केलं, अंघोळ करून, चहा पिऊन, शांत डोक्यानं.

मी तिच्याकडं गेले नाही. आत्याला फोन केला नाही, नंबर पानावरच होता तरी. मी पासवर्ड बदलले. सगळ्या पानांचे. एका बैठकीत, एकेक करून, प्रज्ञानं सांगितले होते तसे अवघड, तारीख नसलेले. अश्विनीचा सगळ्यात आधी.

काहून केलं असेल? कुलूप बदललं की तिला कळणार, आणि तिला कळलंय हे मला कळलंय हेही कळणार, एवढी अक्कल मला होती. तरी केलं. कारण तीन वर्षं ती ते कौतुक वाचत होती, मला न विचारता. ते तिचंच होतं. तरीही मला ते तिच्या हातून काढून घ्यायचं होतं.

आठवड्यानं एक नवरी आली, माप बघायचं होतं. रेहानानं मोबाईल घेतला, खोक्यातून पत्रिका काढली, बोटं चालवली. पुन्हा चालवली. मग म्हणाली, "ताई, पान उघडंना."

"बदललाय मी," मी म्हटलं. कात्री चालूच ठेवली.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. खाला जशा माझ्या कामापाशी थांबायच्या, तशी थोडा वेळ थांबली. मग "बरं," म्हणाली आणि अड्डा जवळ ओढला. दुसऱ्या दिवशी ते चपलांचं खोकं तिथं नव्हतं. मोती ती आता वर्तमानपत्राच्या कागदानं ओतते. नवऱ्या मुली पत्रिका देतात तेव्हा हात पुसून घेते, वाचते, आणि माझ्या टेबलावर आणून ठेवते.

पहिल्या पानावर अजून ती ओळ आहे, सर्व आरीकाम वंदनाताईंच्या हातचं. चौकटी अजून भरतात. मी अजून वाचते. आत्याचा नंबर त्या पानावर आहे आणि पासवर्ड फक्त मला माहीत आहे.

परवा टिकल्या संपल्या होत्या. नांदेडला जायचं होतं. मी म्हटलं, "येतेस का, रेहाना?" आणि थांबले. ती ते म्हणेल म्हणून थांबले. तिनं म्हणावं, मी हसणार नाही, असं काहीतरी मनाशी ठरवून टाकलं होतं मी.

तिनं मान वर केली. "येते," म्हणाली. आणि या वेळी आधी पायरीवर न जाता, मी उठेपर्यंत जागेवरच बसून राहिली.